डिक ट्रेसीचे व्हिलन डोक्यातून जात का नाहीत? (नव्याने वाचायला घेतलेल्यांसाठी)

डिक ट्रेसी ही अमेरिकन पेपरात रोज छापून येणारी चित्रकथेची पट्टी, म्हणजे कॉमिक स्ट्रिप, आणि तिचा नायक त्याच नावाचा पोलीस डिटेक्टिव्ह. तिचे चार फॅन एकत्र आले की पाच मिनिटांत ट्रेसी स्वतः बाजूला पडतो आणि गाडी व्हिलनवर येते, फ्लॅटटॉप भारी की ब्राऊ भारी, प्रूनफेसला परत जिवंत करायला नको होतं, शेकीसारखा शेवट दुसऱ्या कुणाला मिळालाच नाही, वगैरे वगैरे. नवीन माणूस बिचारा ऐकत बसतो आणि त्याला कळतच नाही की ऐंशी वर्षांपूर्वी पेपरात छापून आलेल्या, बहुतेक मरून गेलेल्या गुन्हेगारांवर ही मंडळी एवढ्या पोटतिडकीने का भांडतायत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला ही स्ट्रिप मनापासून आवडते आणि माझं सरळ म्हणणं असं आहे की हे व्हिलन निव्वळ कुरूप आहेत म्हणून लक्षात राहत नाहीत, गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलेली असते म्हणून राहतात. ते कसं ते पुढे सांगतो.

आधी पार्श्वभूमी. चेस्टर गूल्ड हा ओक्लाहोमातल्या पॉनी गावचा, १९०० साली जन्मलेला, शिकागोत येऊन वर्षानुवर्षं धडपडणारा चित्रकार. संपादकांना एकामागून एक कल्पना पाठवत राहायचा आणि त्या नाकारल्या जायच्या. शेवटी त्याने एक साध्या वेशातला पोलीस काढला, नाव ठेवलं प्लेनक्लोद्स ट्रेसी, आणि ते पाठवलं जोसेफ पॅटरसनकडे, म्हणजे न्यूयॉर्क डेली न्यूजच्या मालकाकडे. पॅटरसनने नाव बदलून डिक ट्रेसी केलं, कारण तेव्हाच्या अमेरिकन बोलीत डिक म्हणजे डिटेक्टिव्ह. ४ ऑक्टोबर १९३१ ला डेट्रॉइट मिररमध्ये रविवारचं पान आलं आणि १२ ऑक्टोबरपासून न्यूयॉर्कमध्ये रोजची पट्टी सुरू झाली. आता तारीख बघा, त्याच महिन्याच्या १७ तारखेला शिकागोत अल कपोन हा कुख्यात गँगचा म्होरक्या कर चुकवल्याबद्दल दोषी ठरला. म्हणजे दारूबंदी अजून उठलेली नाही, गँगवाले रोज पहिल्या पानावर, लोक चिडलेले, आणि त्याच पेपरात आत एक असा पोलीस की जो विकला जात नाही. पहिल्याच गोष्टीत ट्रेसीच्या प्रेयसीच्या, टेस ट्रूहार्टच्या वडिलांना दरोडेखोर गोळी घालतात आणि ट्रेसी पोलिसात जातो. गूल्डने हे काम २५ डिसेंबर १९७७ पर्यंत केलं, सेहेचाळीस वर्षं.

सुरुवातीचे व्हिलन मात्र साधे होते. पहिला मोठा म्हणजे बिग बॉय, तो सरळ सरळ कपोनवरून घेतलेला, जाडा, सूटबूट घातलेला गँगचा बॉस. मग स्टीव्ह द ट्रॅम्प, स्टूज व्हिलर, असे. वाईट लोक, पण रस्त्यात भेटले तर वळून बघणार नाही असे. वळण आलं १९३७ साली ब्लँकबरोबर. ब्लँक म्हणजे कोरा, आणि या माणसाला खरंच चेहरा नाही, नाक डोळे तोंड काही नाही, हॅटच्या खाली नुसता पांढरा अंडाकार. पुढे कळतं की बिघडलेल्या चेहऱ्यावर त्याने विरळ कापड ताणून बसवलंय. त्याचं खरं नाव फ्रँक रेडरम, आणि रेडरमची इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की मर्डर होतं. गूल्डला हा उलट्या नावांचा खेळ फार आवडायचा. फॅन लोक साधारण इथूनच मोजायला सुरुवात करतात, कारण एकदा कोरा चेहरा चालला म्हटल्यावर गूल्डला रस्ता सापडला आणि पुढच्या दहाएक वर्षांत त्याने जी रांग लावली तिलाच लोक क्लासिक व्हिलन म्हणतात. १९४१ ला बोगद्यात राहणारा मोल, त्याच वर्षी लिटल फेस, म्हणजे भलंमोठं डोकं आणि मधोमध इवलेसे नाक डोळे, १९४२ ला बी-बी आईज आणि प्रूनफेस, १९४३ ला पियानो वाजवणारा एटी-एट कीज (पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात ना, त्यावरून), १९४३ च्या शेवटी फ्लॅटटॉप, १९४४ ला ब्राऊ आणि पाठोपाठ शेकी, १९४५ ला ब्रेथलेस महोनी आणि इची, १९४७ ला मंबल्स.

नावं नीट बघा. प्रूनफेस म्हणजे वाळलेल्या आलुबुखारासारखा सुरकुतलेला. मंबल्स म्हणजे पुटपुट्या, त्याचं बोलणं कुणालाच कळत नाही. शेकी म्हणजे कापरा, इची म्हणजे सतत खाजवणारा. आपण गल्लीतल्या माणसाला टोपणनाव ठेवतो तसंच आहे हे, एकदा ठेवलं की खरं नाव कुणाला आठवत नाही. गूल्डचं वेगळेपण हे की तो टोपणनावावर थांबत नाही. नाव, चेहरा, धंदा आणि मरण हे चारही तो एकाच दोऱ्यात ओवतो. बी-बी आईज घ्या. नाव छर्ऱ्यांसारख्या बारीक गोल डोळ्यांवरून. धंदा काय, तर चोरून टायर विकणं. हे १९४२ साल, अमेरिका युद्धात उतरलेली, रबराची टंचाई, टायरवर रेशनिंग, म्हणजे त्या वर्षीच्या वाचकाला टायरचा काळाबाजार करणारा माणूस किती जवळचा शत्रू वाटला असेल विचार करा. आणि तो मरतो कसा? पळताना कचरा वाहणाऱ्या सपाट बोटीवर (बार्जवर) लपतो, कचरा पाण्यात टाकला जातो, आणि हा एका जुन्या टायरमध्ये अडकून बुडतो. गोळी नाही, फाशी नाही. ज्या वस्तूवर पैसा केला तीच गळ्यात. वाचकाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, तो चित्र बघतो आणि त्याला कळतं.

आता चेहरे असे का, याचं एक अगदी कामाचं कारण आहे, ते लोक विसरतात. पेपरचा कागद खरखरीत, शाई पसरणारी, चौकट छोटी, युद्धाच्या काळात कागदाची टंचाई म्हणून जागा आणखी कमी. वाचक रोज चारच चौकटी बघणार, त्याही चहा पिता पिता किंवा ट्रेनमध्ये, आणि कालचं काय होतं ते अर्धं विसरलेला असणार. अशा वेळी हा कोण, हे क्षणात कळायला हवं. गूल्डने बारीक रेघांचा नाद सोडला, सपाट काळे ठोकळे, जाड बाह्यरेषा, आणि माणूस असा की नुसती सावली काढली तरी ओळखू यावा. फ्लॅटटॉपचं डोकं वर टेबलासारखं सपाट, पापण्या जड, अर्धवट झोपेत असल्यासारखे डोळे. त्याची पाठमोरी सावली दारात दिसली तरी वाचकाच्या पोटात गोळा येतो, एक अक्षर लिहायची गरज नाही. (ट्रेसीचं पण तेच बघा, बाकदार नाक आणि चौकोनी हनुवटी, कुठल्याही कोपऱ्यात ओळखू येतो.) गूल्ड वस्तूंवर बाण काढून नावं पण लिहायचा, १९४६ च्या जानेवारीत ट्रेसीच्या मनगटावर दुतर्फा बोलायचा रेडिओ आला तेव्हापासून तो रेडिओ दिसला की बाजूला लेबल. त्याला काहीच अस्पष्ट ठेवायचं नव्हतं. गुन्हा कुरूप असतो तर तो तसाच दिसला पाहिजे, असं त्याचं स्वच्छ मत होतं.

पण चेहऱ्यावर एवढं बोलून झालं तरी मुख्य गोष्ट राहतेच. कुरूप चेहरे काढायला दुसऱ्यांनाही जमले असते. गूल्डची खरी करामत गोष्ट सांगण्याच्या पद्धतीत आहे.

नेहमीच्या डिटेक्टिव्ह कथेत काय असतं? खून होतो, कुणी केला माहीत नाही, शेवटच्या पानावर कळतं. ट्रेसीत बहुतेक वेळा हे नसतंच. गुन्हेगार कोण ते आपल्याला पहिल्या आठवड्यात माहीत असतं. मग दोन-चार महिने आपण काय बघतो, तर त्याचं पळणं. कुठे लपला, काय खाल्लं, कुणाला फसवलं, गाडी कुठे सोडली, थंडी कशी सहन केली. ट्रेसी मागून येतोय हे माहीत असतं, पण कॅमेरा, म्हणजे सिनेमाच्या भाषेत बोलायचं तर, पळणाऱ्याबरोबर असतो. रोज सकाळी पेपर उघडून आपण एका खुन्याबरोबर अडगळीच्या खोलीत बसतो. असे तीन महिने काढल्यावर तो आपल्या ओळखीचा होतो, आवडो न आवडो. माझ्या मते सगळ्या वेडाचं मूळ इथे आहे, आणि फॅन लोक ज्या व्हिलनवर सगळ्यात जास्त भांडतात तेच सगळ्यात जास्त दिवस पळालेले आहेत हा योगायोग नाही.

फ्लॅटटॉपचंच बघा. डिसेंबर १९४३ ला येतो. काळाबाजारवाल्यांनी ट्रेसीला मारायची सुपारी दिलेली, पाच हजार डॉलर. ट्रेसी त्याच्या हातात पण येतो, आणि तिथे या माणसाला हाव सुटते, पाच हजार देतायत तर जास्त पण देतील, म्हणून ट्रेसीला जिवंत ठेवून पन्नास हजार मागतो. त्या हावेमुळे सगळं फिसकटतं आणि मग सुरू होतं पळणं, ते मे १९४४ पर्यंत. मध्येच व्हिटॅमिन फ्लिंटहार्ट नावाचा एक नाटकी म्हातारा नट भेटतो, फ्लॅटटॉप त्याच्या गळ्यात पडतो, आणि दोघांचे ते दिवस, एकीकडे व्हिटॅमिनच्या गोळ्या खाणारा आणि सतत संवाद फेकणारा नट, दुसरीकडे कोपऱ्यात बसलेला गप्प मारेकरी, ही मला अख्ख्या स्ट्रिपमधली सर्वोत्तम जोडी वाटते. शेवटी फ्लॅटटॉप पाण्यात शिरतो, कोलंबसच्या सांता मारिया जहाजाची प्रतिकृती उभी असते तिच्या खाली, आणि तिथेच अडकून बुडतो. शिकागोच्या जॅक्सन पार्कात १८९३ च्या जागतिक प्रदर्शनापासून खरोखरच असं जहाज होतं, म्हणजे तिथल्या वाचकाला ती जागा डोळ्यांसमोर दिसत असणार. आणि मग वाचकांनी काय केलं? एका भाडोत्री खुन्यासाठी शोकसंदेश पाठवले. कागदावरच्या माणसासाठी, तोही व्हिलन! पाच महिने रोज सकाळी भेटलेला माणूस गेला की असंच होणार.

शेकीचं तर त्याहून जवळून दाखवलंय. हा सतत थरथरतो, हात, ओठ, हॅटची कडा, गूल्ड त्याच्याभोवती बारीक बारीक रेघा काढतो त्यामुळे तो चौकटीत स्थिर असा कधीच दिसत नाही. पोलीस मागे लागतात, कडाक्याची थंडी, तो धक्क्याच्या लाकडी खांबांच्या खालच्या एका सांदीत घुसतो. लाटांचं पाणी उडतं आणि तोंडाशी गोठतं, परत उडतं, परत गोठतं, आणि सांदीचं तोंड बर्फाने बंद होतं. आयुष्यभर थरथरणारा माणूस पहिल्यांदा स्थिर होतो. पोलिसांना हे माहीतच नाही, ते शोधतच राहतात, फक्त आपल्याला माहीत आहे तो कुठे आहे. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढचं पान उलटायला जरा वेळ लागला.

गूल्ड हे सगळं आधी ठरवून लिहीत नव्हता, हे पण नव्या वाचकाने लक्षात ठेवावं. शेवट काय होणार हे त्याचं त्यालाच माहीत नसायचं, म्हणायचा मला माहीत नसेल तर वाचकाला पण अंदाज येणार नाही. याचा फटका पण बसलाय. एकदा ट्रेसीला त्याने अशा सापळ्यात टाकलं की सुटकाच सापडेना, मग त्याने असं काढलं की ट्रेसी वर बघून गूल्डलाच सांगतो की हे फार झालं, आणि वरून चित्रकाराचा हात येऊन खोडरबराने अडथळा पुसतो. पॅटरसनने ते छापायला साफ नकार दिला, परत काढ म्हणाला. बरोबरच केलं त्याने. एकदा तो हात दिसला असता तर पुढच्या कुठल्याच सापळ्यात आपला जीव टांगणीला लागला नसता.

कारण सापळे हीच या स्ट्रिपची दुसरी ताकद. मिसेस प्रूनफेसचा सापळा घ्या, १९४३. नवऱ्याचा, म्हणजे नाझींसाठी काम करणाऱ्या प्रूनफेसचा, थंडीने गोठून जीव गेलेला, त्याचा सूड घ्यायला ही धिप्पाड बाई येते. ट्रेसीला जमिनीवर बांधते. दोन्ही बाजूंना बर्फाच्या लाद्या, लाद्यांवर आडवी फळी, फळीतून खाली आलेला टोकदार खिळा बरोबर ट्रेसीच्या छातीवर, आणि फळीवर वजन म्हणून चक्क फ्रिज. बर्फ वितळत जाईल तसा खिळा खाली येणार. दिवसेंदिवस वाचक तो खिळा मोजतोय, काल एवढा होता, आज एवढा. ट्रेसी सुटतो ते ताकदीने नाही, तर बांधल्या जागी अंग हिसडून हिसडून खालची जमीन हलवत राहतो आणि लाद्या सरकवतो. आणि बघा, नवरा थंडीने गेला म्हणून सूडही बर्फाने, परत तोच दोरा.

ब्राऊ हा युद्धकाळातला हेर, कपाळावर अशा खोल आडव्या वळ्या की पायऱ्या वाटाव्यात. याच्यात गंमत नाही, हाव नाही, नुसता थंडपणा. समर बहिणी म्हणून दोन पाकीटमार पोरी असतात, त्यांना धरून तो कामाला लावतो, आणि त्या पोरींचं जे होतं ते आजही वाचवत नाही. शेवटी तो खिडकीतून खाली कोसळतो आणि खालच्या ध्वजस्तंभावर आरपार जातो, झेंडा अमेरिकेचा. १९४४ साली याहून थेट बोलता आलं नसतं.

आता एक आक्षेप, तो नवीन वाचक घेतोच आणि घेतलाच पाहिजे. चेहरा वेगळा म्हणजे माणूस वाईट, हे बरोबर आहे का? कुणाचे हात कापतात, कुणाला बोलता येत नाही, कुणाची कातडी जळलेली, आणि या सगळ्यांना गुन्हेगार करायचं? माझं प्रामाणिक मत, आक्षेप खरा आहे आणि त्या काळचं म्हणून झटकून टाकता येत नाही. शेकी आणि मंबल्स वाचताना आज टोचतं. पण पूर्ण हिशेब करायचा तर दुसरी बाजू पण बघावी लागते. ब्रेथलेस महोनी ही शेकीची सावत्र मुलगी, दिसायला अतिशय सुंदर आणि आतून तितकीच निर्दय. उलट ग्रॅव्हल गर्टी बघा, विस्कटलेले केस, घोगरा आवाज, ब्राऊला आसरा देणारी एकटी बाई, आणि बी. ओ. प्लेंटी, ज्याच्या नावातच अंगाचा वास आहे (बी. ओ. म्हणजे बॉडी ओडर). दोघंही दिसायला व्हिलनच्या रांगेत शोभतील असे, दोघंही व्हिलनच्याच गोष्टींतून आत आले, आणि गूल्डने काय केलं, तर त्यांचं लग्न लावून दिलं, आणि १९४७ ला त्यांना स्पार्कल नावाची इतकी गोड मुलगी झाली की तिच्या बाहुल्या देशभर खपल्या. म्हणजे चेहरा म्हणजेच नशीब असं गूल्ड सरसकट म्हणत नव्हता. आक्षेप यामुळे मिटत नाही, पण वाटतो तितका सोपा पण राहत नाही.

पन्नासच्या दशकानंतरचं मी पटकन सांगतो, कारण तिथे माझं मन तेवढं रमत नाही. साठच्या दशकात ट्रेसी अवकाशयानातून चंद्रावर गेला, १९६४ ला मून मेड, म्हणजे चंद्रावरची मुलगी, आली, आणि पळणाऱ्या माणसाची गोष्ट मागे पडली. उडता येतं म्हटल्यावर धक्क्याखालच्या सांदीत कोण लपणार? गूल्ड निवृत्त झाल्यावर लेखन मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्सकडे आलं, चित्रं रिक फ्लेचरकडे. कॉलिन्सने पहिल्याच गोष्टीत फ्लॅटटॉपची मुलगी एंजेलटॉप आणली, सोबत ब्राऊचा मुलगा, आणि १९७८ मध्ये मून मेडला गाडीतल्या बॉम्बने संपवलं. फॅन लोकांत आजही यावर दोन तट आहेत, पण स्ट्रिप परत जमिनीवर आली हे नक्की. फ्लॅटटॉपच्या घराण्याचं तर मोठं झाड झालंय, भाऊ ब्लोटॉप १९५० लाच आला होता, मुलगा फ्लॅटटॉप ज्युनियर १९५६ ला.

नातेवाईक आणणं मला पटतं, त्यात बापाचं मरण खरं राहतं. मेलेल्याला उठवणं पटत नाही. १९८३ ला प्रूनफेसला गोठलेल्या अवस्थेतून परत जिवंत केलं, कारण शास्त्रीय दिलं, गोष्टही वाईट नव्हती, पण १९४३ ची ती थंडी त्यामुळे नुसती झोप होऊन गेली. २०११ पासून जो स्टेटन (चित्रं) आणि माइक कर्टिस (लेखन) यांनी जुने चेहरे भरभरून परत आणले तेव्हा हाच वाद नव्याने पेटला. बहुतेक लोकांना हे चेहरे माहीत आहेत ते १९९० च्या वॉरन बीटीच्या सिनेमामुळे, अल पचिनो बिग बॉय, डस्टिन हॉफमन मंबल्स, आणि मेकअपला ऑस्कर. मेकअप खरंच अप्रतिम आहे. पण दोन तासांत एवढे सगळे कोंबल्यावर कुणालाच पळायला वेळ मिळत नाही, येतात, दिसतात, मरतात. फ्लॅटटॉप तिथे दिसतो हुबेहूब, पण त्याच्यासाठी कुणी शोकसंदेश पाठवणार नाही.

गूल्डच्या सगळ्या वर्षांच्या पट्ट्या आता पुस्तकांत मिळतात. सुरुवात कुठून करायची विचाराल तर १९३१ पासून नको, डिसेंबर १९४३ पासून करा, फ्लॅटटॉप, मग ब्राऊ, मग शेकी, याच क्रमाने, आणि शक्यतो एका बैठकीत नको, रोज थोडं थोडं, कारण ते लिहिलंयच तसं. फ्लॅटटॉप की ब्राऊ या भांडणात माझं मत फ्लॅटटॉपला. पण धक्क्याखालचं ते बर्फ आठवलं की मी दरवेळी जरा अडखळतो.